गवतासारखं हिरवं

ओस्टर्डाल, ४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

कुणाचा वाढदिवस नाही, कुणी गेलेलंही नाही, तरी पत्र लिहिते आहे. तेव्हा पाकीट बघून घाबरू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुझ्या ऑडुनच्या हाती निरोप पाठवावा अशी ही गोष्ट नाही.

आमच्या मंडळीत यंदा नवा पाळक आला आहे. तरुण आहे, पांढरे बूट घालतो, दिसेल त्याला मिठी मारतो. म्हणतो, देव प्रत्येकाशी बोलतो, लाजू नका, माइक घ्या आणि सांगा. वसंतात एकाने माइक घेतला आणि बेकरीत काम करणाऱ्या बाईला सगळ्यांदेखत सांगितलं, "प्रभू म्हणतो, तुझा नवरा उन्हाळ्याच्या आत परत येईल." तिने पडदे धुतले, त्याचं लाकडाचं शेड झाडून ठेवलं. उन्हाळा सरला. आता ती बाई मंडळीत येत नाही. ज्याने सांगितलं तो येतो, पुढच्या बाकावर बसतो.

आणि आता ते माझ्याच गळ्यात पडलंय. गेले काही रविवार प्रार्थनेला डोळे मिटले की एकच चित्र दिसतं. ते कुणासाठी आहे हेही कळतं, निदान मला तसं वाटतं. सांगावं तर त्या बाईसारखं कुणाचं तरी वाटोळं होईल, न सांगावं तर झोप लागत नाही. दिवसभर बालवाडीत पोरांची नाकं पुसते आणि डोक्यात तेच.

बाबा म्हणायचे, आपल्या घरात हे वरदान बोर्गहिलला आहे आणि तिच्या जिभेला अख्खं बेट टरकून असतं. म्हणून तुलाच विचारते. देवाकडून आलेलं, किंवा आलंय असं वाटणारं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं कसं?

तुझी,
इंगुन


हेल्लेया बेट, ११ सप्टेंबर

इंगुन,

तुझा बाप गेला, पण माझ्या जिभेचं गाऱ्हाणं मागे ठेवून गेला तर. चालायचंच. मोठ्या बहिणीचा मार त्याने खाल्लाय, त्याला तेवढा हक्क आहे.

आमच्या प्रार्थनागृहात माइक नाही आणि मिठ्याही नाहीत. ज्याला काही दिसतं तो आधी माझ्याकडे येतो किंवा थोर्लाइफकडे, कारण आम्ही दोघं मंडळीचे वडील, म्हणजे जाणती माणसं. आम्ही कॉफी पाजतो आणि बोलू देतो. अर्ध्याअधिक गोष्टी कॉफी संपेपर्यंत आपोआप विरून जातात. उरतात त्यांची पारख करतो. पौलाने लिहिलंय की संदेष्ट्यांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. लोकांना त्यातला पहिला अर्धा तेवढा पाठ असतो.

आता कसं द्यायचं ते ऐक. "प्रभू म्हणतो" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. चाळीस वर्षांत मी ते एकदाही काढलेले नाहीत. ते उच्चारले की समोरच्याला "नाही" म्हणायला जागाच उरत नाही, आणि ती जागा देवानेच त्याला दिलेली असते. आपण म्हणायचं, "मला वाटतं", "असं दिसल्यासारखं झालं", "अमुक एका गोष्टीसारखं काहीतरी". हे "सारखं" कधी विसरू नकोस. आमच्याकडची पोरंसुद्धा ते लावल्याशिवाय बोलली तर थोर्लाइफच्या भुवया वर जातात. लग्न, मूल, मरण, तारीख, यांतलं काहीही सांगायचं नाही. मोबाइलवर तर मुळीच लिहायचं नाही. माणूस ते गाडी चालवताना वाचेल की संडासात, कुणाला ठाऊक. समोर बसून सांगायचं, एकट्याला, पण दार लावून घ्यायचं नाही. सांगून झालं की गप्प बसायचं. आणि तुला भीती वाटत असेल तर ती तुझी आहे, ती घरी ठेवून जायचं.

मला त्या माणसाचं नाव कळवू नकोस. नाव कळलं की मी संदेश सोडते आणि माणसाचीच पारख करायला लागते. फक्त चित्र लिही. दिसलं तेवढंच, तिखटमीठ न लावता.

माझे चिरंजीव ऑक्टोबरात नेहमीप्रमाणे तुझ्याकडे एल्कच्या शिकारीला येतीलच. लोकरीचे आतले कपडे घे म्हणून सांगितलंय. घेणार नाही.

बोर्गहिल


ओस्टर्डाल, १७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

ऑडुनसाठी लोकरीचे कपडे मी इथे काढून ठेवते. बाबांचे आहेत, त्याला आखूड होतील, पण चालतील.

आता चित्र. खाली हिरव्या गवतासारखं काहीतरी पसरलेलं आहे, सपाट, ऊन पडल्यासारखं. त्यावर एक होडी पालथी. तिचा फक्त तळ दिसतो. तांबडा आहे, आणि कडेला पांढऱ्या पट्टीसारखं काहीतरी. माणूस कुणी दिसत नाही. आवाज नाही. एवढंच.

बघ, सगळीकडे "सारखं" लावलंय. हवं तर थोर्लाइफना दाखव.

मला सुचलेला अर्थ मी लिहीत नाही. मी डोंगरातली, होड्यांमधलं मला काय कळणार. पालथी होडी म्हटली की मला एकच सुचतं. ती भीती तू सांगितलीस तशी घरी ठेवलीय, पण ती दारातच बसून आहे. पट्टी माझ्या ओळखीची आहे, म्हणून माणूसही कळला.

इंगुन


हेल्लेया, २४ सप्टेंबर

इंगुन,

तुझं पत्र टेबलावर ठेवून आम्ही दोघांनी प्रार्थना केली. मग थोर्लाइफने पुन्हा वाचलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, "पोरगी डोंगरातली आहे हे सांगावं लागत नाही."

अगं वेडाबाई, सप्टेंबर सरत आला की इथे घरोघरी होड्या ओढून वर घेतात आणि गवतावर पालथ्या घालतात. पाऊस साचू नये, लाकूड कुजू नये म्हणून. माझ्या खिडकीतून आत्ता चार दिसतायत. पालथी होडी म्हणजे वर्षाचं काम संपलं, माणूस घरात, शेगडीपाशी पाय पसरून. तुमच्या तिकडच्या तळ्यावरही तसंच करत असतील, तू कधी बघितलं नसशील. ऊन आहे, शांतता आहे, गवत हिरवं आहे. हा विसाव्याचा संदेश आहे. ज्याच्यासाठी आहे त्याच्या मनावर काहीतरी ओझं असणार, आणि त्याला सांगायचं आहे की बाबा रे, ते खाली ठेव. यात घाबरण्यासारखं काय आहे? आम्हा दोघांचंही एकमत झालं, आणि तसं सहसा होत नाही.

एक मात्र विचारते. माणूस तुला दाखवला गेला, की पट्टी बघून तू लावलास? उत्तर मला नको. ते तुझं तूच शोध.

आता माझं रडगाणं. ऑडुन आणि हालवारने मिळून बोटीवर जाळी ओढायचं नवं यंत्र बसवलंय. हालवार म्हणजे आमच्या शेजारच्या ओड्नीचा नवरा. ऑडुनचा निम्मा भागीदार आणि पुरी जीभ, कारण ऑडुनने गिळलेलं सगळं हालवार बोलून टाकतो. यंत्र ठेवलंय कुठे, तर केबिनच्या छतावर. बोट वरून जड झालीय. वळताना कलते ती सरळ व्हायला वेळ घेते. मला ऐकू येत नसलं तरी धक्क्यावर उभं राहून दिसतं. ऑडुनलाही कळतंय, चेहरा बघ त्याचा. नोव्हेंबरच्या आत बोट यार्डात नेऊन तोल तपासून घेतो असं कबूल केलंय त्याने. तोवर माझा जीव टांगणीला.

बोर्गहिल


ओस्टर्डाल, १४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

सांगितलं. स्वयंपाकघरात, दार उघडं ठेवून. टेबलावर कॉफी होती आणि तपकिरी चीज. तू सांगितलंस तसं "वाटतं" आणि "सारखं" घालून सांगितलं, आणि तू लावलेला अर्थही सांगितला.

तो माणूस मंडळीच्या वाटेला न जाणारा आहे. आधी म्हणाला, "वर तुझी ओळख निघाली वाटतं. माझं पार्किंगचं एक काम आहे, बघ होतंय का." मी गप्प बसले. ते सगळ्यात अवघड गेलं. मग त्याने कप बाजूला सारला आणि विचारलं, "म्हणजे मी उगाचच घाबरतोय?" मी म्हणाले, "असं वाटतं." आत्या, तो टेबलावर डोकं टेकून रडला. एवढा मोठा माणूस. मग उठून तोंड धुतलं आणि पोटभर जेवला.

मला इतकं हलकं वाटतंय की सांगता येत नाही. आपण कुणाचं तरी ओझं उतरवू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. इथे मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवते आहे, पण नियम तुझाच आहे.

ऑडुन सुखरूप पोचला. लोकरीचे कपडे आणले नाहीत. एल्क मिळालं, तुझा वाटा त्याच्याबरोबर पाठवते. बोकडासारखं शिजवू नकोस, कमी शिजव.

तुझी,
इंगुन


हेल्लेया, २७ ऑक्टोबर

इंगुन,

मांस मिळालं. मी मला हवं तेवढं शिजवलं आणि उत्तम झालं.

तुझ्या डोंगरातल्या हवेत काय आहे ते मला कळव, बाटलीत भरून मागवते. ऑडुन गेला तेव्हा भूत होता, आला तो माणूस होऊन. जेवतो, झोपतो. शिट्टी वाजवतो असं ओड्नी सांगते. मला ऐकू येत नाही, पण गाल फुगलेले दिसतात. हालवार म्हणतो, "बोर्गहिल काकू, याला परत पाठवा आणि माझा जुना भागीदार आणा, हा फार बडबडतो." आता यार्डाचं कामही वसंतात करू म्हणतोय. हंगाम चांगला आहे, जाळी भरून येतायत, मध्येच कशाला बोट वर काढायची. मी दोन शब्द सुनावले. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, मी उगाच घाबरत होतो." पोराने असा हात ठेवून किती वर्षं झाली होती. पुढचं बोलायचं माझ्याच्याने झालं नाही.

आज वारा पडलाय. बाहेरच्या उथळावर, जिथे तळाला शिंपल्यांची पांढरी वाळू आहे ना, तिथे पाणी गवतासारखं हिरवं दिसतंय. ऊन असलं की असं होतं. तुझ्या बापाला ते फार आवडायचं. लहानपणी म्हणायचा, उतरून चालत जाऊ या.

तुझ्या त्या माणसाचं बरं झालं हे वाचून आनंद झाला. थोर्लाइफलाही सांगितलं.

बोर्गहिल


ओस्टर्डाल, ३० ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र आत्ता मिळालं. मी हॉलमध्ये कोट अंगात तसाच ठेवून वाचलं.

गवतासारखं हिरवं. हे तू लिहिलंयस, पाण्याबद्दल. मी जे पाहिलं ते गवत नव्हतं, आत्या. मी "गवतासारखं" लिहिलं, कारण ते गवतासारखं होतं. डोंगरातल्या माणसाला सपाट हिरवं म्हटलं की दुसरं काय आठवणार. तुला वाटलं मी तू शिकवलंस तसं अदबीने "सारखं" लावलंय, आणि तू ते गाळून टाकलंस. बाकी सगळीकडे ते अदबीचंच होतं. एवढ्या एका ठिकाणी खरं होतं.

आणि दुसरं. मी सांगितलं तो माणूस ऑडुन आहे. पट्टी त्याच्या बोटीची आहे. एवढी मोठी बोट कुणी गवतावर पालथी घालत नाही, त्याला क्रेन लागेल, हे मला कसं कळणार? तुला कळलं असतं, पण तुला नाव माहीत नव्हतं. मला नाव माहीत होतं आणि बोटी माहीत नव्हत्या. तो यार्डात जाणार होता. त्याची भीती त्याला तिथे घेऊन चालली होती, आणि मी माझ्या टेबलावर कॉफी पाजून ती काढून घेतली.

मी नियम मोडून त्याला फोन केला. तो हसला. म्हणाला, "आधी तूच निजवलंस, आता तूच उठवतेस?" मी म्हणाले, अर्थ चुकला असं वाटतं. तर म्हणाला, "वाटतं ना? मग मलाही वाटतं की काही होणार नाही." मी ओरडले तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं, जाळी पाण्यात आहेत, हंगाम संपला की बघू. आणि फोन ठेवला.

आत्या, तो माझं ऐकणार नाही. तुझं काही ऐकतो का माहीत नाही. हे पत्र जलद टपालाने पाठवते. तू त्याला थांबव. कसं ते मी तुला विचारत नाही.

इंगुन


हेल्लेया, ३ नोव्हेंबर

इंगुन,

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. थोर्लाइफकडे गेले नाही. पारख केली नाही. आज उजाडताच धक्क्यावर गेले.

बोट सुरू होती. ऑडुन एक पाय बोटीवर टाकून उभा. मी त्याची बाही धरली आणि म्हणाले, "प्रभू म्हणतो, आज या बोटीवर चढू नकोस."

प्रभू मला काहीही म्हणाला नव्हता. हे तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. रात्रभर मी विचारत होते आणि तिकडून एक अक्षर आलं नाही. पण "वाटतं" म्हणून तो थांबणार नव्हता, हे तूच लिहिलंस. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून हे शब्द त्याने आयुष्यात ऐकलेले नाहीत, आणि तो काही मानत नसला तरी ते कधी ऐकले नव्हते हे त्याला माहीत आहे. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने पाय मागे घेतला.

जाळी पाण्यात होती, ती कुणीतरी काढायलाच हवी, म्हणून हालवार एकटाच बोट घेऊन गेला. ऑडुन आत्ता माझ्या स्वयंपाकघरात बसलाय, कॉफीला हात लावत नाही आणि माझ्याशी बोलत नाही. बोलू नये त्याने. वर्षभर बोलू नये. तो माझ्यासमोर बसलाय.

सकाळची टपालाची फेरी गाठायची आहे, म्हणून एवढंच. ऊन पडलंय, वारा थोडा वाढतोय.

बोर्गहिल


ओस्टर्डाल, २३ नोव्हेंबर

आत्या,

हालवारच्या दफनाच्या दिवशी तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी तुझ्या मागच्याच बाकावर होते. तुझे खांदे तेवढे दिसत होते.

बोट उथळावर पालथी सापडली तेव्हा पाण्याचा रंग कसा होता, हे मी कुणाला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

ऑडुनशी बोलायचा प्रयत्न केला. तो ओड्नीची लाकडं फोडत होता. कॉफीच्या वेळेपासून अंधार पडेपर्यंत फोडत राहिला, तिला दोन हिवाळे पुरतील एवढी. मला म्हणाला, "मी पाय मागे घेतला, इंगुन, आणि त्याला म्हणालो, तू जाशील का?" एवढंच बोलला आणि परत कुऱ्हाड उचलली.

मी एका प्रश्नाशी येऊन थांबते. चित्रात माणूस नव्हता. मी तुला तेव्हाच लिहिलं होतं. होडी दिसली, पट्टी दिसली, माणूस दिसला नाही. ऑडुनचं नाव मी लावलं. तू विचारलंस, दाखवला गेला की लावलास, आणि उत्तर माझं मीच शोधावं असं म्हणालीस. मी शोधलंच नाही. त्या बोटीवर दोन माणसं होती आणि मला आठवला तो फक्त माझा भाऊ.

आमच्या पाळकाने मला रविवारी माइक देऊ केला. त्याला काही माहीत नाही. मी नको म्हणाले तर म्हणाला, "भीती देवाकडून येत नाही." मी त्याला विचारलं, "तुला नक्की ठाऊक आहे?" त्यानंतर मी तिथे गेलेले नाही.

आत्या, हालवारला कुणी काही सांगितलं होतं का? तू धक्क्यावर होतीस. त्याच्या कानावर काही गेलं होतं का?

इंगुन


हेल्लेया, २ डिसेंबर

इंगुन,

बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तिथेच बोलले असते, आणि ओड्नी दोन हातांच्या अंतरावर बसली होती.

मी आता मंडळीच्या वडिलांमध्ये नाही. थोर्लाइफला अर्ज दिला, माझं नाव काढ म्हणून. त्याने कारण विचारलं. मी सांगितलं की प्रभू काही म्हणाला नव्हता. तो म्हणाला, "पण ऑडुन वाचला ना, बोर्गहिल." त्याने अर्ज ठेवून घेतला आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्यामुळे आता काय झालंय माहीत आहे? लोक येतात. जे कधी प्रार्थनागृहाची पायरी चढले नाहीत तेही येतात. दारात उभे राहून टोप्या काढतात. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाचा मुलगा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला निघालाय. म्हणतात, तुम्ही मुलाला वाचवलंत, आम्हालाही सांगा. "वाटतं" म्हणाले तर त्यांना चालत नाही. त्यांना धक्क्यावरचे ते दोन शब्द हवे असतात. काल एकीने माझी बाही धरली, मी ऑडुनची धरली होती तशीच. मी दार लावून घेतलं आणि ती बराच वेळ बाहेर उभी राहिली. तिची सावली काचेवर दिसत होती.

ऑडुन माझ्याकडे जेवायला येत नाही. ओड्नीकडची कामं करतो आणि झोपायला बोटीच्या शेडमध्ये जातो. त्याने वर्षभर बोलू नये असं मी तुला लिहिलं होतं. तसं लिहायला नको होतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर देते. तेच मला आज ओड्नीलाही द्यायचं आहे. तिने ऑडुनला विचारलं की निघताना हालवार काय म्हणाला, शेवटचं काय बोलला. ऑडुनने उत्तर दिलं नाही. म्हणून काल प्रार्थनेनंतर तिने मला धरलं. "तुम्ही होतात ना तिथे, काकू. हसत होता का?" मी म्हणाले, उद्या घरी येते, सगळं सांगते. कसं सांगायचं याचा मी रात्रभर विचार केला. एवढी वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, समोर बसून सांगा, दार उघडं ठेवा, सांगून झालं की गप्प बसा. आता मला त्यातलं काही उपयोगाचं दिसत नाही. भीती घरी ठेवून जा, असं तुला लिहिलं होतं. मी ती घेऊनच जाणार आहे, कारण ती सोडून माझ्याकडे खरं असं काही उरलेलं नाही.

हालवार दोर गुंडाळत होता. माझ्यापासून हाताच्या अंतरावर. मी ऑडुनला जे म्हणाले ते सगळं त्याने ऐकलं. तो हसला, हो, हसतच होता. ऑडुनने त्याला विचारलं, तू जाशील का, आणि तो म्हणाला, "मग काय तर, जाळी आपोआप थोडीच वर येणार आहेत." मग माझ्याकडे वळला. मला ऐकू येत नाही हे तो कधी विसरत नसे. तोंड माझ्याकडे करून, ओठ सावकाश हलवत, प्रत्येक शब्द सुटा करून त्याने विचारलं, "आणि माझ्याबद्दल तो काही म्हणाला का, बोर्गहिल काकू?"

मी ऑडुनची बाही धरून उभी होते. माझा मुलगा माझ्या हातात होता. मी हालवारकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

मी म्हणाले, "नाही."

त्याने मान डोलावली आणि दोर सोडला.

बोर्गहिल